शेंगांखालचं पाकीट

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की पुढे पुढे टाळतो आहे हेही लक्षात येईनासं झालं. एरवी किस्से सांगण्यात मी कधी मागे नव्हतो. अमरावतीच्या कोर्टात चाळीस वर्षं फौजदारी वकिली केली. बार रूममध्ये माझी एक खुर्ची ठरलेली होती आणि तिच्याभोवती चार-सहा जण कायम चहा थंड करत बसलेले असायचे. माझ्या सगळ्या किश्श्यांची एक खोड होती. शेवटी मीच जिंकायचो. हाही किस्सा मी तिथे शंभरदा सांगितला, पण अर्धाच. उरलेला अर्धा फक्त माझ्या बायकोला माहीत होता. ज्यांना तो सगळ्यात आधी सांगायला हवा होता, ते जमादार गेल्या हिवाळ्यात तेल्हाऱ्याला वारले. आता किस्सा पूर्ण करायला काहीच हरकत नाही, असं म्हणायला माझ्यासारखा शूर माणूस मोकळा झाला.

जमादार पोलिसांतर्फे अकोल्याच्या कोर्टात पैरवीला होते. पोलीस ठाण्याचे कागद, साक्षीदार, जप्त केलेला मुद्देमाल, हे सगळं तारखेच्या दिवशी कोर्टासमोर हजर करायचं काम म्हणजे पैरवी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात साक्षीदार लग्नाला गेलेला असतो, मुद्देमालाची कुऱ्हाड मालखान्यात दुसऱ्याच कुऱ्हाडींच्या ढिगात असते आणि तपास अधिकारी बदलून गडचिरोलीला गेलेला असतो. पैरवीवाला माणूस बाकी काही नसला तरी चालेल, त्याची स्मरणशक्ती जबरदस्त पाहिजे. जमादारांची तशी होती. नुसती होती म्हणणं कमी आहे, ती त्यांची इस्टेट होती.

एखाद्या कारकुनानं विचारलं, "जमादार, तो बाभूळ तोडल्याचा गुन्हा कधीच्या तारखेवर आहे?" की जमादार मान वर करून छताकडे पाहायचे. दोन-तीन सेकंद. जणू तिथं पंख्याच्या वर कोणीतरी सगळं लिहून ठेवलं आहे. मग मान खाली आणून गुन्हा नंबर, तारीख, साक्षीदारांची नावं, त्यांची गावं, आणि वरून, "दोन नंबरचा साक्षीदार त्या दिवशी येनार नाही, त्याची म्हैस विनार हाये." म्हैस खरंच त्याच आठवड्यात व्यायची.

खिशात वही नाही, डायरी नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "जमादार, एखादी डायरी ठेवत जा."

"डायरी तो मानूस ठेवते साहेब, ज्याच्या डोक्याले झाकन नसते," ते म्हणाले. "सारं उडून जाते त्याचं."

मी अमरावतीचा, ते अकोल्याचे. एवढ्या भांडवलावर आमची मैत्री वीस वर्षं चालली. महिन्यातून एक-दोनदा मला अकोल्याच्या तारखा असायच्या. एप्रिलमध्ये मी एसटीतून उतरून घामाघूम होत कोर्टात शिरलो की जमादार पायरीवर उभेच.

"दुपट्टा घ्या साहेब डोक्याले. अमरावतीवाल्याइले आमचं ऊन झेपत नाही."

"तुमच्याकडे ऊन सोडून दुसरं पिकते काय?"

"ऊन हाये म्हनून त कापूस हाये. तुमच्याकडं नुसती सावली, म्हनून संत्रं आंबट."

आंबट म्हणायचे, पण दर हिवाळ्यात त्या संत्र्यांची वाट पाहायचे. चांदूर बाजारजवळ माझ्या मेव्हण्याचा बगीचा आहे. बहार उतरला की मी एका कापडी थैलीत तीन-चार डझन संत्री जमादारांसाठी नेत असे. ती थैली पुढच्या तारखेला परत यायची, पण रिकामी कधी नाही. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं किंवा थैली रिकामी परत करत नाहीत. करणाऱ्याच्या घरची बाई हयातभर बोलणी खाते. जमादारांच्या घरून त्या थैलीत कधी मुगाच्या वड्या, कधी जवसाची चटणी, आणि डिसेंबरात तुरीच्या हिरव्या शेंगा. त्या शेंगांच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी माझी बायको अशी करायची, की मी अकोल्याच्या तारखा त्या बेतानं मागून घेतो असा सरकारी वकिलांना संशय होता. संशय खरा होता.

आता केसबद्दल.

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात भाजीपाला लावणारं एक कुटुंब. दोन चुलतभाऊ, एक सामाईक विहीर, एक मोटार. पाळीवरून भांडण झालं, चौकात कृषी केंद्रासमोर हातघाईवर आलं, आणि एकाचं डोकं कुदळीच्या दांड्यानं फुटलं. डोकं वाचलं, पण गुन्हा लागला खुनाच्या प्रयत्नाचा. दुसरा भाऊ, वय अठ्ठावीस, अकोल्याच्या तुरुंगात. त्याची आई शेपू-मेथीच्या जुड्या विकणारी, कोणाच्या तरी ओळखीनं अमरावतीला माझ्यापर्यंत आली. "अकोल्याचे वकील साऱ्याइले ओयखतात, तुमी कोनाले ओयखत नाही म्हनून तुमी पायजे," असं तिनं मला सरळ तोंडावर सांगितलं. चाळीस वर्षांत माझी निवड इतक्या स्वच्छ कारणानं कोणी केली नव्हती.

दोषारोपपत्र आलं, आरोप ठेवले गेले, साक्षींच्या तारखा पडायला लागल्या. जामीन एकदा नाकारला होता. मग कळलं की कृषी केंद्राच्या दारावर कॅमेरा होता आणि त्याचं चित्रण पोलिसांनी मागाहून जप्त करून नागपूरला तपासणीला पाठवलं होतं. तिथून ते आलं तेव्हा खटला उभा राहिला होता. असा उशिरा आलेला पुरावा सरकार पक्ष वापरू शकतो, पण त्याआधी त्याची प्रत आरोपीच्या वकिलाला द्यावी लागते. वकिलानं मूळ कागदाच्या कोपऱ्यात 'प्रत मिळाली' असं लिहून सही करायची आणि तारीख टाकायची. दोन शब्दांचं काम. पण या दोन शब्दांवर मोठमोठे खटले उलटेसुलटे होतात.

आणि या दोन शब्दांबाबत अकोल्याच्या कोर्टात, किंबहुना आमच्या सगळ्याच कोर्टांत, एक सैल रिवाज होता. वकील ओळखीचा असला की प्रत आज, सही पुढच्या तारखेला. जमादार इतर कोणाला ही सवलत देत नव्हते. सही होईपर्यंत कागदाचं एक टोक स्वतःच्या हातात धरून ठेवायचे. मला मात्र द्यायचे.

डिसेंबरची तारीख. कॅन्टीनमध्ये मी तिथल्या तीन वकिलांना किस्सा सांगत होतो. एका हातात चहा, दुसऱ्या हातात आलुबोंडा. जमादार आले, थैली माझ्या खुर्चीला टेकवली.

"साहेब, थैली. शेंगा हायेत घरच्या. अन् खाली पाकीट हाये, त्या मोटारीच्या केसची पुरवनी. सहा कागद अन् एक सीडी. सही पायजे."

"सही काय पळून चालली का जमादार? पुढच्या तारखेला घ्या."

"सही नाही पळत. तुमीच पळता, एसटीच्या मांगं."

सगळे हसले. मी किस्सा जिथं सोडला होता तिथून पुढे सुरू केला. पाकीट हा शब्द माझ्या कानात गेला होता याबद्दल शंका नाही. पण कान आणि डोकं यांच्यामध्ये त्या वेळी माझा स्वतःचा आवाज होता.

जानेवारीच्या शेवटी कृषी केंद्राच्या मालकाची साक्ष लागली. सरकारी वकील बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की साक्षीदारामार्फत चित्रण दाखवायचं आहे. मी ताडकन उठलो.

"कोणतं चित्रण? आम्हाला प्रतच मिळालेली नाही."

हे मी मनापासून म्हटलं होतं. त्या क्षणापर्यंत मी प्रामाणिक माणूस होतो. मग दहा मिनिटं बोललो. आरोपी सात महिने तुरुंगात, सरकार पक्ष ऐन साक्षीच्या वेळी पोतडीतून पुरावा काढतो, बचावाला तयारीची संधी नाही. आवाज छान लागला होता. न्यायाधीश साहेबांनी सरकारी वकील बाईंना विचारलं, प्रत दिल्याची सही कुठे आहे? बाईंनी कागद उलटसुलट केले. सही नव्हती. त्यांनी दाराशी उभ्या जमादारांकडे पाहिलं. जमादार पुढे आले.

"देल्ली हाये साहेब. डिसेंबरच्या तारखेले. कॅन्टीनमधी."

"पोच?"

"पोच राह्यली साहेब घ्याची. थैलीत देल्ली होती."

"कशात?" न्यायाधीशांनी पेन खाली ठेवला.

"थैलीत, साहेब. तुरीच्या शेंगाइच्या खाली."

कोर्ट हसलं. मागच्या बाकांवरचे पक्षकारसुद्धा हसले. शेंगा म्हटल्याबरोबर मला सगळं आठवलं. थैलीचं वजन, तिचा हिरवा ओला वास, एसटीत पायाशी ठेवलेली ती थैली, दुसऱ्या दिवशीची भाजी, तेलाचा तवंग. खाली पाकीट हाये. सगळं, चुटकी वाजवायच्या आत.

तेव्हाच मला म्हणता आलं असतं, साहेब, क्षमा करा, माझी चूक झाली. यात काही बुडत नव्हतं. पुढची तारीख तर मिळालीच असती. पण सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे होते, हसू अजून हवेत होतं आणि लोक माझ्या वाक्याची वाट पाहत होते. वाट पाहणारे लोक मला आयुष्यात कधी रिकाम्या हातानं परत पाठवता आले नाहीत.

मी म्हटलं, "न्यायालयानं नोंद घ्यावी. सरकार पक्षानं आम्हाला शेंगा पुरवल्या, हे आम्ही मान्य करतो. पुरावा मात्र त्या सोलल्यावरही निघाला नाही."

न्यायाधीश साहेबही हसले. सरकारी वकील बाईंनीही ओठ दाबले. वाक्य इतकं चांगलं जमलं होतं की त्यात चक्क एक खोटं विधान आहे, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जमादार माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. मग त्यांनी नेहमीसारखी मान वर केली आणि छताकडे पाहिलं. दोन सेकंद, तीन, पाच. मग मान खाली आणली.

"विसरून राह्यलो असन साहेब," ते न्यायाधीशांना म्हणाले.

तारीख वाढली. त्याच आठवड्यात, सरकार पक्षाच्या ढिलाईमुळे खटला लांबतो आहे या कारणावर माझ्या अशिलाचा जामीन झाला. आदेशात पैरवी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल दोन ओळी आल्या आणि त्याची एक प्रत पोलीस अधीक्षकांकडे गेली. ती प्रत मात्र वेळेवर पोचली.

जामीन झाला त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "डिसेंबरात शेंगांच्या थैलीत एखादं पाकीट होतं का?"

ती मराठीची शिक्षिका. एरवी आमच्यासारखीच बोलते, रागावली की पुण्याची मराठी बोलते.

"होतं," ती म्हणाली. "मी ते पुसून आपल्या टेबलावर ठेवलं होतं. गेला महिनाभर आपण त्यावर चहाचा कप ठेवत आहात."

मी खोलीत गेलो. खाकी पाकीट. त्यावर कपाच्या बुडाचे गोल डाग, एकात एक अडकलेले, ऑलिम्पिकच्या झेंड्यासारखे. आत सहा कागद आणि सीडी.

सीडी लावून पाहिली. चौक, कृषी केंद्र, दोन भाऊ. दांडा आधी उगारतो तो डोकं फुटलेला भाऊ. माझा अशील मागे सरकतो, हात वर करतो, दांडा धरतो, ओढाताण होते. पुढचं चित्र एका थांबलेल्या ट्रॅक्टरमुळे दिसत नाही, पण जे दिसतं तेवढं पुरेसं होतं. ज्या पुराव्यानं माझा अशील सुटणार होता, त्याच्यावरच मी दहा मिनिटं आवाज लावून तुटून पडलो होतो. डिसेंबरात पाकीट फोडलं असतं तर तेव्हाच जामिनाचा अर्ज केला असता आणि तो पोरगा संक्रांतीला घरी असता. त्याच्या आईनं मात्र मला मेथीच्या दहा जुड्या आणून दिल्या. मी घेतल्या.

"आता?" बायकोनं विचारलं.

"आता काय? उद्या जाऊन खरं सांगितलं तर त्या पोराचा जामीन रद्द होईल."

"होईल?"

"होऊ शकतो."

"होऊ शकतो आणि होईल यांतला फरक मी सातवीच्या मुलांना शिकवते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिचं बरोबर होतं. माझ्या चुकीसाठी आरोपीचा जामीन कोणीही रद्द केला नसता. एवढा कायदा मला येत होता. मला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. शेंगांचं वाक्य तोवर अकोल्याहून अमरावतीला पोचलं होतं. बार रूममध्ये मी शिरलो की ज्युनिअर उठून म्हणायचे, "सर, ते सोलल्यावरही निघाला नाही..." आणि मी खुर्चीत बसून पहिल्यापासून सुरुवात करायचो. पुढच्या तारखेला सरकारी वकील बाईंनी मला नवी प्रत दिली. मी तिच्यावर 'प्रत मिळाली' असं सुवाच्य लिहिलं आणि पाकीट जणू पहिल्यांदाच बघतो आहे अशा चेहऱ्यानं उघडलं. सहा महिन्यांनी माझा अशील निर्दोष सुटला. माझं नाव झालं.

जमादारांना खुलासा द्यावा लागला. त्यांच्या सेवापुस्तकात नोंद झाली आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांना पैरवीवरून काढून मुख्यालयात पहाऱ्यावर बसवलं. मी एकदा मुद्दाम वाट वाकडी करून तिथं गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. ते स्टुलावर बसले होते. मला पाहून उठले.

"या साहेब. आज कोनाच्या शेंगा सोलाले आले?"

मी हसलो. त्यांनी माझा मोबाइल नंबर मागितला. मला नवल वाटलं, कारण माझे जुने दोन्ही नंबरसुद्धा त्यांना पाठ होते. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि नंबर लिहून घेतला.

"डायरी?" मी विचारलं.

"आता ठेवतो साहेब. भरोसा नाही राह्यला."

"कशावर?"

त्यांनी पेन आपल्या कपाळावर टेकवला. "त्या दिवशी मी ते पाकीट दुसऱ्याच कोन्या वकिलाले देल्लं असन. मले साफ दिसते का तुमच्याच थैलीत टाकून राह्यलो. पन तुमी सोलून पाह्यलं म्हनता, त नसनच."

तिथं मी काय बोललो तेही लिहून टाकतो. मी म्हटलं, "वयं झाली जमादार आता आपली." कोर्टात बोललो ते थट्टेत बोललो होतो. हे मी मायेनं बोललो. घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही त्याची नोकरी खराब केली होती. आज त्याचं डोकं केलं."

निवृत्तीच्या समारंभाचं बोलावणं त्यांनी स्वतः फोन करून दिलं. नंबर वहीत पाहून लावला असावा. मी बोलायला उभा राहिलो. खिशात चिठ्ठी होती, तिच्यावर तीन ओळी लिहून नेल्या होत्या. पण मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, शेंगा!" टाळ्या पडल्या. आणि मी तो किस्सा सांगितला. जमादारांच्या गळ्यात झेंडूचा हार, शेजारी नवी साडी नेसलेली त्यांची बायको, आणि मी त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्याच फजितीचा किस्सा सांगतो आहे, आवाज बदलून, छताकडे मान करून. सगळ्यात मोठ्यानं जमादार हसले. त्यांची बायको हसली नाही. चिठ्ठी मी परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीतून टाकून दिली.

नंतर ते तेल्हाऱ्याला गावातल्या घरी राहायला गेले. मीही वकिली सोडली. फोनवर बोलणं व्हायचं: संत्र्याला भाव काय, कापसावर बोंडअळी किती, गुडघे कसे. दर वेळी फोन ठेवला की बायको नुसती माझ्याकडे पाहायची. तीन वर्षांपूर्वी तिनं एक दिवस माझी पिशवी भरून दाराशी ठेवली.

"जा तेल्हाऱ्याले. सांगितल्याबिगर परत येऊ नका."

वऱ्हाडीत बोलली, म्हणजे रागावलेली नव्हती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

जमादार अंगणात खाटेवर बसले होते. वाळले होते, पण हसणं तेच.

"आले का अमरावतीचे सावलीतले लोक! वहिनीनं हाकलून देल्लं का?"

"हो," मी म्हटलं. वीस-पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य असावं.

घरात गोष्टी वेगळ्याच चालल्या होत्या. त्यांनी शेतातली मोटार चालू करायला जायचं म्हटलं की त्यांची बायको मागून नातवाला पाठवायची. बँकेत घरचे त्यांना एकट्यानं जाऊ देत नव्हते. तेही स्वतःहून जात नव्हते. शर्टाच्या वरच्या खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

"डॉक्टर म्हनते डोकं एकदम सही हाये," वहिनी मला म्हणाल्या. जमादारांच्या बायकोला मीही वहिनीच म्हणत असे. "पन यायचाच सोतावर भरोसा नाही. गोळी खाल्ली का हे मले धा खेपा विचारतात. खाल्ली असते, तरी विचारतात."

त्या चहा करायला आत गेल्या. अंगणात आम्ही दोघंच. मी वाक्य मनात जुळवत होतो, तेवढ्यात तेच पुढे वाकले. आवाज खाली आणला.

"साहेब, एक इचारू? खरं सांगा बरं. हसू नका."

"विचारा."

"ते पाकीट. मी टाकलं होतं का थैलीत? मले अजून दिसते. खाली पाकीट ठेवलं, वरून शेंगा टाकल्या, गाठ मारली. मंग वाटते, हे सपन असन. जे झालंच नाही ते मले दिसते कावून? ह्याच एका गोष्टीनं माया साऱ्या गोष्टीवरचा भरोसा गेला. तुमी एकडाव सांगून टाका. होतं का नव्हतं?"

मला विषय काढावा लागणार नव्हता, काही सुरुवात करावी लागणार नव्हती. फक्त 'होतं' म्हणायचं होतं. ते वाट पाहत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा वाट पाहणाऱ्या माणसाला मी रिकाम्या हातानं परत पाठवलं.

"जमादार," मी म्हटलं, "किती वर्षं झाली त्याला. मला तरी कुठं आता नीट आठवतं?"

त्यांचा चेहरा उजळला. मी शप्पथ घेऊन सांगतो, उजळला. वहिनी कपबशा घेऊन बाहेर आल्या तर त्यांना म्हणाले, "आयकलं का? साहेबाइलेबी आठवत नाही! म्या म्हनलं ना, मी एकटाच नाही. चला साहेब, दोघंबी बुडालो." आणि माझ्या मांडीवर थाप मारून हसले. मीही हसलो. चहा घेतला, चिवडा घेतला, शेवटची गाडी असल्याचं कारण सांगून उठलो. दुपारचे तीन वाजले होते.

"सांगितलं?" बायकोनं दार उघडताना विचारलं.

"बोलणं झालं," मी म्हटलं.

तिनं त्यानंतर ती गोष्ट कधीच काढली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या जावयाचा फोन आला. तेरवीला गेलो. अंगणात खूप लोक होते, बरेचसे निवृत्त पोलीस. एक जण म्हणाला, अशी स्मरणशक्ती पाहिली नाही बुवा, पण शेवटी शेवटी गेली बिचाऱ्याची. दुसरा म्हणाला, कोर्टात असतानाच सुरू झालं होतं ते. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही मान हलली असावी. वहिनी आत बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत मी गेलो, नमस्कार केला, आणि परत आलो.

वहिनींना वाचता येतं. हे छापून आलं की अंक त्यांच्याकडे जाईल, आणि त्या तो नातवालाही देतील. त्यांनी मला दारात उभं केलं नाही तर ते योग्यच होईल. पण त्या घरात एका माणसाविषयी जे चुकीचं ठरून गेलं आहे ते माझ्यामुळे ठरलं आहे, आणि ते सोडवायचं कामही माझंच आहे. त्या दिवशी दुपारी, खाटेवर, चहा यायच्या आधी मला एवढंच म्हणायचं होतं:

होतं, जमादार. पाकीट थैलीतच होतं. तुम्ही दिलं, सांगून दिलं, आणि मला मिळालं. तुम्हाला जे दिसतं ते तसंच्या तसं घडलं होतं. कोर्टात तुम्ही छताकडे पाहिलंत तेव्हा मला सगळं आठवलेलं होतं. तुमचं डोकं कधीच चुकलं नाही. मी खोटं बोललो. मला माफ करा.